सनई थांबेना

निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं: रविवार, सकाळी ११.३०, चित्रमय जीवनपट. खाली जे लिहिलंय ते त्या साडेअकराच्या आधीचे बावीस तास आणि नंतरचा दोनेक तासांचा भाग. फाइल अजून आहे, तिच्यातल्या सेटिंगा उघडून पाहता येतात. त्या दिवशी कार्यालयात हजर असलेला प्रत्येक जण आपली बाजू सांगायला अजून एका पायावर तयार असतो. त्यामुळे क्रम लावताना फारसं अडलं नाही.

शनिवार, दुपारी १.३० (बावीस तास आधी)

आत्याचं सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस धरले, की कोणालाही हे कागदावर मांडता येतं. दादाने, म्हणजे आत्याच्या मुलाने, स्लाइड-शोही तसाच कागदावर मांडून केला होता. नोकरीची सगळी वर्षं त्याने कारखान्यात उत्पादनाची वेळापत्रकं आखण्यात घालवलेली. फोटो लावायला बसला तरी आधी तक्ता आखणार.

एकूण ९६ फोटो. माहेर, संसार, नातवंडं असे तीन भाग, प्रत्येकी ३२ फोटोंचे. फोटो पाच सेकंद दिसणार, म्हणजे एक भाग १६० सेकंदांचा, दोन मिनिटं चाळीस सेकंद. तीन ध्वनिफिती, तिन्ही बरोबर तेवढ्याच कापलेल्या: माहेराला सनई, संसाराला आत्याचं आवडतं भावगीत, नातवंडांना बडबडगीत. सनई पहिल्या स्लाइडवर, ‘३२ स्लाइडनंतर थांब’ अशा सूचनेसह. भावगीत तेहतिसाव्या स्लाइडवर, बडबडगीत पासष्टाव्या. संसाराच्या भागातले शेवटचे काही फोटो आतोबांच्या आजारपणाच्या काळातले होते. तिथे गाणं हळूहळू विरत जावं म्हणून त्याने ‘फेड आउट’ही घातला होता. या ९६ नंतर सगळ्यात शेवटी आत्याचा हसरा फोटो, त्यावर टोरांटोत शिकणाऱ्या नातीचा निरोप यायचा होता.

दुपारी दीडला ही फाइल बिनचूक होती. पुढे तिच्यावर जे जे झालं त्या सगळ्या सुधारणा होत्या.

दुपारी ४.०० (साडेएकोणीस तास आधी)

वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आहे, पण फोटो धाडधाड बदलतात हो.” खरंच बदलत होते. दादाने ट्रान्झिशन्समध्ये जाऊन ‘फेड’ निवडलं, कालावधी दीड सेकंद दिला आणि ‘अप्लाय टू ऑल’ दाबलं. फोटो एकमेकांत विरघळू लागले. वहिनी चहा ठेवायला गेल्या.

पॉवरपॉइंटमध्ये ‘आफ्टर’च्या चौकटीत लिहिलेले पाच सेकंद आणि ट्रान्झिशनचे दीड सेकंद हे दोन वेगळे हिशेब आहेत. दीड सेकंद पाचातून वजा होत नाहीत, पाचात मिळवले जातात. म्हणजे प्रत्येक फोटो आता साडेसहा सेकंदांचा झाला, प्रत्येक भाग ४८ सेकंदांनी लांबला, आणि आठ मिनिटांचा कार्यक्रम दहा मिनिटं चोवीस सेकंदांवर गेला. गाण्यांना यातलं काहीच कळवलेलं नव्हतं. गाण्याचं घड्याळ वेगळं, स्लाइडचं वेगळं. दोघांची गाठ फक्त सुरू होताना पडते, त्यानंतर कोणी कोणाकडे बघत नाही.

सायंकाळी ५.३० (अठरा तास आधी)

दादाने पहिला भाग चालवून पाहिला. पंचविसाव्या फोटोवर सनई संपली आणि पुढचे फोटो मुक्याने गेले.

इथे सरळ उपाय समोर होता: ‘आफ्टर’मध्ये पाचाऐवजी साडेतीन लिहायचं. साडेतीन आणि दीड मिळून पुन्हा पाच, सगळा तक्ता जागच्या जागी. दादासारख्या माणसाला हे सुचायला हवं होतं, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे सुचलंही होतं. पण साडेतीन सेकंदांत म्हाताऱ्या माणसांना फोटोतला माणूस ओळखता येत नाही, असं त्याला वाटलं. वाटण्यात चूक नाही. मग त्याने गाणी पुन्हा कापण्याऐवजी तिन्ही फितींवर ‘लूप अंटिल स्टॉप्ड’ची खूण केली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शांतता भरून निघाली.

आणि ‘फेड आउट’ गेला. फितीच्या शेवटाकडे आवाज विरत न्यायचा, एवढंच त्याला माहीत. लूपमध्ये फीत विरते आणि लगेच पुन्हा वाजू लागते. ठरलेल्या स्लाइडवर तुटते तेव्हा मधल्याच कुठल्या तरी सुरावर तुटते. पहिल्या भागात, सनईत, हे खटकलं नाही. दुसरा भाग त्याने चालवून पाहिला नाही, कारण चहा आला होता.

आपण सिनेमा बघत मोठे झालेली माणसं, त्यामुळे चित्र आणि आवाज बरोबर चालणं हा आपल्याला निसर्गनियम वाटतो. सिनेमातही तो निसर्गनियम नव्हता, तिथेही मेहनतीने आणावा लागला. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर वादक बसायचे, चित्राकडे बघत वाजवायचे. रीळ तुटलं की तेही थांबायचे. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. बोलपटात आवाज फिल्मच्या त्याच पट्टीवर चित्रांच्या कडेला छापलेला असायचा. पट्टी सरकली की दोन्ही सरकणार, वेगळं व्हायची सोयच नाही. म्हणजे एक तर बघणारा वादक हवा, नाही तर एकच पट्टी हवी. पॉवरपॉइंटमध्ये दोन्ही नाही. १९८७ साली फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने ते मॅकिन्टॉशसाठी काढलं. मुख्यतः रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं ते काम. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी एक कोटी चाळीस लाख डॉलर्सना विकत घेतली. मुळात ते होतं ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करायला: कोणी तरी उभं राहून बोलणार, बोलणं झालं की हाताने पुढची काढणार. घड्याळ त्या माणसाच्या डोक्यात. संगीत, आपोआप पुढे सरकणं, लूप ही नंतरची बांधकामं. माणूस काढून घेतला की ती एकमेकांना टेकून उभी राहत नाहीत.

रात्री ८.०० (साडेपंधरा तास आधी)

नातीचा निरोप आला, व्हॉट्सॲपवर. ती फाइल ओपस प्रकारची. पॉवरपॉइंटने घेतली नाही. एमपीथ्री करून घातली. या सबंध घटनाक्रमात पहिल्या झटक्यात नीट झालेलं हे एकमेव काम, आणि नेमकं तेच शेवटी वाया गेलं.

रात्री ९.१५ (सव्वाचौदा तास आधी)

धाकट्या काकांचा फोन. ते आत्याचे भाऊ, दादाचे मामा. “माहेरचे फोटो अगदीच कमी घेतलेस रे. माझ्याकडे नऊ आहेत, वाड्यातले. मामी पाठवते.”

दादा म्हणाला, “मामा, आता फाइल बंद केलीय.”

“मग उघड की.”

सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईच्या भावाला नाही म्हणण्याची पद्धत आमच्याकडे नाही. काकूंनी नऊ फोटो सुटे पाठवले नाहीत. त्यांना टायपिंगची आवड, छापखान्यात काम केलेलं. त्यांनी स्वतः नऊ स्लाइड्स केल्या, खाली ओळी लिहिल्या आणि वेगळी फाइलच धाडली. दादाने त्या उचलल्या आणि एकोणिसाव्या स्लाइडनंतर चिकटवल्या.

रात्री ११.४० (जवळपास बारा तास आधी)

काकूंच्या ओळी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या. दादाच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे ‘ओंकारेश्वराजवळचा वाडा’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी दिसत होती. त्याने काकूंना फोन करून नऊच्या नऊ ओळी लिहून घेतल्या, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या. सव्वा तास गेला. मूळ ओळीत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, तीही दुरुस्त केली.

मला या घटनाक्रमात सगळ्यात खरा वाटतो तो हा सव्वा तास. दिसणारी चूक माणसाला झोपू देत नाही. त्याच नऊ स्लाइड्समध्ये एक न दिसणारी चूक होती. काकूंच्या फाइलमध्ये स्लाइड पुढे जायची ती फक्त ‘ऑन माउस क्लिक’. ‘आफ्टर’ची चौकट कोरी. ‘अप्लाय टू ऑल’ दुपारी चारला दाबलेलं, आणि ते लागू झालं दुपारी चारला फाइलमध्ये असलेल्यांना. रात्री आलेल्या पाहुण्यांना नाही. या नऊ स्लाइड्स आल्या जागी बसून राहणार होत्या.

दुसरी गोष्ट मात्र दादाच्या ध्यानात आली. माहेराचा भाग आता ४१ स्लाइड्सचा झाला. सनई ३२ नंतर थांबणार. म्हणजे मध्ये नऊ स्लाइड्स मुक्या. भावगीत आपलं आपण बेचाळिसाव्या स्लाइडवर सरकलं होतं, ते त्या स्लाइडलाच बांधलेलं असतं. सनईच्या सूचनेत ३२ खोडून ४१ लिहायचं, एवढंच काम. ती चौकट ॲनिमेशन पेनमधून ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये गेल्यावर सापडते. वर पट्टीवर मात्र ‘प्ले अक्रॉस स्लाइड्स’ नावाची सुटसुटीत खूण डोळ्यांसमोर असते. त्याने ती केली. त्या खुणेचा अर्थ प्रोग्रॅमच्या लेखी ‘९९९ स्लाइडनंतर थांब’ असा आहे. थोडक्यात, थांबूच नको.

लूप आधीच चालू होतं. आता सनईला ना अंत होता ना मर्यादा.

‘रिहर्स’ करून पाहायचं तर अकरा मिनिटं हवी होती. शेजारच्या खोलीत आत्या झोपली होती आणि तिला यातलं काही आधी कळू द्यायचं नव्हतं. दादाने लॅपटॉप मिटला. मिटण्याआधी सवयीप्रमाणे शेवटच्या स्लाइडखाली, नोट्सच्या जागेत, उरलेल्या कामांची यादी लिहून ठेवली.

रविवार, सकाळी ७.३० (चार तास आधी)

दादाचा बारा वर्षांचा भाचा दात घासत म्हणाला, “मामा, एमपीफोर करून घे ना. मग फक्त प्ले.”

दादा म्हणाला, “फाइल उघडते ना नीट?”

उघडत होती. पण पोराचं बरोबर होतं. ‘क्रिएट अ व्हिडिओ’ने चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर येतात, बोलपटासारखे. ज्या स्लाइड्सना वेळ दिलेली नसते त्यांना व्हिडिओ करताना ठरावीक सेकंद आपोआप मिळतात, त्यामुळे काकूंच्या नऊही अडल्या नसत्या. सनई तरीही उरली असती. पण तयार व्हिडिओ एकदा पाहिला असता तर ती घरातच ऐकू आली असती, दीडशे माणसांत नाही.

सकाळी ९.५० (एक तास चाळीस मिनिटं आधी)

कोथरूडमधलं कार्यालय. पुढे होम चालू, धूर; मागे प्रोजेक्टर. केबल जोडल्याबरोबर चित्र आलं आणि आवाज गेला. एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही नेते, आणि ती जोडली की विंडोज बहुतेक वेळा आवाज तिकडेच वळवते. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरच्या पोटात एक लहानसा स्पीकर होता, त्यातून डबीतल्यासारखी सनई येत होती. साउंडवाल्याने मिक्सरची पिन लॅपटॉपला लावली, दादाने खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून हेडफोनची वाट निवडली, आणि हॉल सनईने भरला. गुरुजींनी मान वर करून पाहिलं, पसंतीने. चार स्लाइड्स चालवून दादाने बंद केलं.

भाच्याला खुर्ची दिली. “साडेअकराला मी खूण केली की एफ-फाइव्ह दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

सकाळी ११.३०

भाषणं.

११.४४

एका पाहुण्यांनी मानपत्राची चित्रफीत आपल्या लॅपटॉपवर आणली होती. केबल काढली, त्यांना लावली, परत आणून दादाच्या लॅपटॉपला लावली. कोणाला वाटलं, केबल म्हणजे केबल.

११.५२

दादा आत्याला हाताला धरून पुढच्या सोफ्यावर बसवत होता. खूण केली. एफ-फाइव्ह. पडद्यावर आत्या, दोन वेण्या, परकर. छतातून डबीतली सनई.

“आवाज!” मागून कोणी तरी ओरडलं. साउंडवाल्याने मिक्सर वर केला, वर केला, आणखी वर केला. भाच्याला सकाळचं चिन्ह आठवलं. त्याने शो न थांबवता हेडफोनची वाट निवडली. इतका वेळ वर केलेला मिक्सर आणि सनई यांची गाठ पडली. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी श्रवणयंत्रच काढून पर्समध्ये टाकलं.

पण हे संकट नव्हे. हे प्रत्येक कार्यालयात होतं.

११.५४

विसावी स्लाइड. वाड्याची चौकट, त्यात तीन भावंडं. ती सरकली नाही. पाच सेकंद, दहा, वीस. लोक बघत राहिले. काकांना वाटलं, आपला फोटो मुद्दाम जास्त वेळ ठेवलाय. ते शेजाऱ्याला बोटाने एकेक माणूस दाखवू लागले. बाकीच्यांना वाटलं, काकांच्या बोलण्यासाठीच थांबवलंय. सुमारे एक मिनिट हा गैरसमज दोन्ही बाजूंनी सुखाने टिकला.

मग भाच्याने स्पेसबार दाबला. एकविसावी. तीही अडली. दाबला. बाविसावी. पोराला नियम सापडला: दाबल्याशिवाय पुढे जात नाही. नऊ स्लाइड्स त्याने दाबून काढल्या आणि दहाव्यापासूनही दाबत राहिला. पुढच्या स्लाइड्स आपल्या आपण सरकणाऱ्या होत्या, पण त्यांना सरकायला उसंत कोण देणार? आत्याचं मॅट्रिक, कॉलेज, पहिली नोकरी, तेरा फोटो पंधरा-वीस सेकंदांत संपले. दादा मधल्या रांगेतून हातवारे करत होता. भाच्याने त्याचा अर्थ “अजून भरभर” असा घेतला.

११.५७

बेचाळिसावी स्लाइड: लग्न. भावगीत सुरू झालं. सनई चालूच होती.

सुरुवातीचे काही क्षण टाळ्या पडल्या. लग्न आहे, सनई आहे, मागून गाणं येतंय. केवढी कल्पकता, असं लोकांना वाटलं. मग गाण्याने तोंड उघडलं. सनईची पट्टी वेगळी, गाण्याची वेगळी, आणि ठेका एकाच्याच वाट्याला. घरातले पेटी वाजवणारे एक नातेवाईक आहेत. ते उठून पाणी प्यायला गेले आणि परत आले नाहीत. दादाला एव्हाना कळलं होतं. रात्रीची ती खूण त्याला डोळ्यांसमोर दिसत होती, असं तो म्हणतो. तो लॅपटॉपकडे निघाला. मध्ये आत्याला ओवाळायला थांबलेल्या बायकांची रांग होती.

१२.००

सहासष्टावी स्लाइड. भाच्याने दाबणं सोडल्यामुळे हा भाग आपल्या गतीने चालला होता. म्हणून बरोबर इथे, १६० सेकंदांवर, भावगीत संपलं आणि लूपच्या हुकमाने पुन्हा पहिल्यापासून उठलं, चांगलं उमेदीने. पुढच्या स्लाइड्स आतोबांच्या शेवटच्या वर्षांच्या होत्या. जिथे विरत जायचं तिथे ते नव्याने रंगात येत होतं, त्यावर सनई.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. आत्या मान थोडी कलती करून बघत होती.

१२.०१ ते १२.०४

बडबडगीत. सनई. नातवंडं.

१२.०५

शेवटची स्लाइड, नातीचा आवाज. “आजी” एवढं पुढच्या दोन रांगांना ऐकू आलं. पुढचं टोरांटोहून आलेलं सगळं सनईखाली गेलं. ही स्लाइड पडद्यावर राहावी म्हणून दादाने तिला वेळ दिलेली नव्हती, ती राहिली, आणि सनईही.

दादा पोचला. एस्केप दाबलं.

सनई थांबली. पण पडदा लॅपटॉपची हुबेहूब नक्कल दाखवत होता. शो बंद झाला की मागची फाइल समोर येते, ज्या स्लाइडवर होतो तीच, खाली तिच्या नोट्ससकट. दहा फुटी पडद्यावर दीडशे लोकांनी वाचलं: “पेनड्राइव्ह. चार्जर. हार. मामांचे ९ : नाही म्हणता येत नाही. त्यातल्या तिनांत आई नाहीच.”

काका चष्मा लावून वाचत होते. ते वाचून होईपर्यंत दादाला लॅपटॉप मिटायचं सुचलं नाही.

काका म्हणाले, आणि माइक जवळच असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, “नाहीच. कारण ते तिने काढलेत. आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता आमच्याकडे. हात फक्त तिचाच लावून घ्यायचा.”

आत्याने हे ऐकलं आणि दादाला जवळ बोलावलं. “परत लाव,” म्हणाली. “गाणं नको.”

१२.१५

भाच्याने मिक्सरची पिन काढली. दादाने ‘युज टायमिंग्ज’ची खूण काढली, त्यासरशी सगळ्या घड्याळांची सुट्टी झाली. आत्या माइक घेऊन बसली. ती “हं” म्हणाली की भाच्याने स्पेसबार दाबायचा, एरवी नाही. दोन वेण्यांच्या फोटोवर ती थोडकी बोलली, मॅट्रिकवर अजिबात नाही. विसाव्या स्लाइडवर चौकटीतल्या तीन भावंडांना उन्हात किती वेळ उभं केलं होतं ते तिने सांगितलं. काकांनी मधूनमधून दुरुस्त्या केल्या, त्या तिने नामंजूर केल्या.

१.२०

चौसष्टावी स्लाइड चालू असताना आचाऱ्याचा माणूस आला आणि दादाच्या कानात सांगून गेला, की मसालेभात तिसऱ्यांदा गरम करता येणार नाही. उरलेल्या बेचाळीस जेवणानंतर पाहायच्या ठरल्या.